बिलिंग सॉफ्टवेअरचा जुना कोड: मालकाला पटेल असा टेक्निकल डेटचा हिशोब कसा मांडायचा?

सिडको_कोडर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अंबड-सातपूरचे कारखाने आणि निफाड-दिंडोरीकडची द्राक्ष पॅकहाउस यांच्यासाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करणारी लहान कंपनी आहे. नऊ डेव्हलपर, दोन टेस्टर, तिघं सपोर्टला. प्रॉडक्ट पीएचपी ५.६ (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल ५.७ (डेटाबेस) वर. साठेक क्लायंट, त्यातल्या वीस जणांना कोडची वेगळी शाखा, म्हणजे स्वतंत्र प्रत, काढून दिलेली, त्यामुळे एक बग सुधारला की तो वीस ठिकाणी हाताने न्यावा लागतो.

बिल बनवणारी फाइल ६,४०० ओळींची आहे आणि जीएसटीचे दर तिच्यातच लिहिलेत. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा १२ हा आकडा शोधून ५ केला. बिलं बरोबर निघायला लागली, पण ऑगस्टच्या बिलावर माल परत आला की क्रेडिट नोटसुद्धा ५ टक्क्यांनीच निघते. आपोआप चालणारी टेस्ट एकही नाही. शेतकऱ्यांची निम्मी नावं युनिकोडमध्ये, निम्मी जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली.

मालकांचं म्हणणं: "चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?" सफाईसाठी दोन महिने मागितले, तर सरळ नाही म्हणाले. टेक्निकल डेट, म्हणजे जुन्या कोडमुळे साठत गेलेलं कामाचं कर्ज, म्हटलं की डेव्हलपरना नवीन काहीतरी खेळायला हवंय, असा अर्थ निघतो.

तीन गोष्टी विचारायच्यात. हे कोणत्या भाषेत मांडायचं? दर स्प्रिंटचे (कामाच्या ठरावीक टप्प्याचे) २० टक्के डेटला द्यायचे, हे खरंच चालतं का? आणि सगळं नव्याने लिहून काढणं कितपत शहाणपणाचं?

---

गंगापूररोड

"दोन महिने सफाईला द्या" ही मागणी बहुतेक मालक नाकारणारच. त्यात खर्च दिसतो, परतावा दिसत नाही. सफाई हा शब्दच सोडा आणि व्याजाचं बोला.

ही कर्जाची उपमा वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली मांडली. ते गुंतवणुकीचे पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, म्हणून पैशाची भाषा वापरली. कच्चा कोड लिहायला ती परवानगी नव्हती. विषय आज जेवढा कळलाय तेवढ्यावर लिहून बाजारात जायचं, आणि समज वाढली की कोड त्या समजेपर्यंत आणायचा. तो आणला नाही की पुढच्या प्रत्येक बदलात जास्तीचे तास जातात. हे जास्तीचे तास म्हणजे व्याज.

आता यातली कामाची बाब. सोसायटीचं कर्ज झोपेतही वाढतं. कोडचं व्याज बहुतांशी हात लावल्यावर पडतं. पाच वर्षं कोणी न उघडलेला, बिनतक्रार चालणारा गचाळ रिपोर्ट तुमच्याकडून फारसं काही घेत नाही. त्यामुळे 'कुठला कोड वाईट आहे' याची यादी घेऊन मालकांकडे जाऊ नका. 'वाईट आहे आणि आपण सारखा उघडतोय' अशा फाइलींची यादी न्या.

ती काढायला अर्धा दिवस लागतो. गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) लॉगला गेल्या बारा महिन्यांची मर्यादा द्या, फक्त फाइलींची नावं छापायला सांगा, नावं सॉर्ट करून मोजा. वरच्या पंधरा फाइली घ्या. प्रत्येकीसमोर ओळींची संख्या आणि त्या फाइलीमुळे आलेली सपोर्टची टिकिटं लिहा. बहुतेक जुन्या प्रॉडक्टमध्ये त्रासाचा मोठा वाटा चार-पाच फाइलींत सापडतो. तुमच्याकडे ती ६,४०० ओळींची बिलाची फाइल वरच असणार.

मग आकडा. समजा ती फाइल वर्षात ६० वेळा बदलली आणि प्रत्येक वेळी शोधाशोध, हाताने तपासणी आणि शाखांत नेणं मिळून चार तास जास्तीचे गेले. २४० तास झाले. डेव्हलपरचा तास कंपनीला ५०० रुपयांना पडत असेल तर वर्षाचं व्याज १,२०,००० रुपये. फाइल सुटी करायला १५० तास लागत असतील तर मुद्दल ७५,०००. हा कागद मालकांना न सांगता कळतो. मात्र तास अंदाजाने लिहू नका. महिनाभर प्रत्येक टिकिटावर 'मूळ काम' आणि 'जुन्या कोडमुळे' असे दोन रकाने भरा आणि त्यातून आकडा काढा. एकदा फुगवलेला आकडा पकडला गेला की पुढच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास बसत नाही.

एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कागदही जोडा. एएमसीची रक्कम वर्षाला ठरलेली असते, सपोर्टचे तास वाढत जातात. क्लायंटवार एएमसी आणि लागलेले तास शेजारी ठेवले की कोणता क्लायंट तोट्यात आहे हे दिसतं. तासावर बिल लावणाऱ्या सर्व्हिस कंपनीत हेच व्याज क्लायंटच्या खिशातून जातं, म्हणून तिथे कोणाला घाई नसते. प्रॉडक्ट कंपनीत ते मालकाच्या खिशातून जातं, आणि हा फरक मालकांना स्वच्छ शब्दांत सांगितला पाहिजे.

२० टक्क्यांचं: कागदावर छान दिसतं, पण डेडलाइन आली की आधी तेच कापलं जातं, कारण त्या वेळेवर कोणाचं नाव नसतं. त्यापेक्षा ज्या फीचरसाठी फाइल उघडायची आहे, त्याच फीचरच्या अंदाजात तिची दुरुस्ती धरा. 'वाहतूक खर्चाचा नवा रकाना: ३ दिवस' असं न लिहिता ५ दिवस लिहा, आणि त्यातल्या दोन दिवसांत बिलाचा तेवढा भाग बाहेर काढून त्याला टेस्ट लावा. वेगळं टिकीट केलंत तर ते बॅकलॉगच्या, म्हणजे बाकी कामांच्या यादीच्या, तळाशी जाऊन बसेल.

आता बिलाची फाइल प्रत्यक्ष कशी सोडवायची. पहिल्या दिवशी त्यातली एकही ओळ हलवू नका. आधी जुन्या बिलांचा संच करा, २००-३०० बिलं: राज्यातली, परराज्यातली, सवलतीची, माल परतीची, निर्यातीची, वाहतूक खर्चाची, राउंड-ऑफची. आजच्या कोडमधून ती पुन्हा काढा आणि प्रत्येक बिलाचे सगळे आकडे एकेका फाइलीत साठवा. छपाईची वेळ आणि बिल क्रमांक गोठवून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी खोटा फरक दिसेल. मग प्रत्येक बदलानंतर संच पुन्हा चालवा आणि पैशापर्यंत फरक बघा. चुकीचा आकडा सापडला तरी तो तसाच नोंदवा, दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या वेगळ्या नोंदीत). रचना बदलणं आणि हिशोब बदलणं एकत्र केलंत तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

फरक कुठे लपतो ते एका उदाहरणात बघा. करपात्र रक्कम १,०१०.१० रुपये, दर ५ टक्के. पूर्ण कर ५०.५०५, म्हणजे ५०.५१. पण सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे काढले तर प्रत्येकी २५.२५२५, म्हणजे २५.२५, आणि बेरीज ५०.५०. एका पैशाचा फरक. फाइलीत एके ठिकाणी आधी बेरीज आणि दुसरीकडे आधी राउंडिंग असेल, तर बिल आणि खातेवही जुळणार नाहीत. नियम एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि रक्कम फ्लोट या अंदाजे आकड्याच्या प्रकारात न ठेवता डेसिमल या अचूक प्रकारात ठेवा.

दरासाठी वेगळं टेबल: एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा क्रमांक), दर, कधीपासून, कधीपर्यंत. पॅकहाउसला लागणारी पुठ्ठ्याची खोकी घ्या. एचएसएन ४८१९, दर १८ होता, १५ जुलै २०२४ पासून १२, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. दीड वर्षाच्या आत तीन दर. शोधा-आणि-बदला केलं की मागचे दोन पुसले जातात. क्रेडिट नोटला मूळ बिलाचा दर लागतो, म्हणून तिने या टेबलाकडेही बघू नये. बिलाच्या प्रत्येक ओळीवर त्या दिवशीचा दर साठवलेला असावा आणि क्रेडिट नोटने तो तिथून उचलावा. तुमची आत्ताची चूक याने जाते, आणि पुढचा दर बदलला की एक ओळ भरण्याचं काम उरतं.

---

पिंपळगावकर

वरचं सगळं पटलं. पण श्रीलिपीतल्या नावांकडे वेगळं बघा, कारण ते कोडचं नाही, डेटाचं कर्ज आहे. कोड कोणी उघडला नाही तरी रोज नवीन नोंदी पडतात, म्हणजे हे मुद्दलच दररोज वाढतंय. याला वरचा 'हात लावला तरच व्याज' हा नियम लागू नाही.

जुन्या फॉन्टमध्ये डेटाबेसात मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांवर देवनागरी आकार चढवतो. आणि ती टाइप केलेल्या नव्हे, दिसणाऱ्या क्रमाने असतात. 'कर्डिले' घ्या. युनिकोडमध्ये क्रम असा: क, र, हलन्त, ड, इकार, ल, एकार. जुन्या फॉन्टमध्ये इकार ड च्या आधी येतो आणि रफार ड च्या नंतर. म्हणून अक्षराला अक्षर असं कोष्टक लावून चालत नाही. आधी आकार बदलायचे, मग इकार एका पूर्ण अक्षरानंतर न्यायचा, मग रफार उचलून अक्षराच्या आधी न्यायचा. इकारापुढे जोडाक्षर असेल तर तो संपूर्ण जोडाक्षरापलीकडे जायला हवा. घाईत केलेलं रूपांतर हमखास इथेच चुकतं. पुष्कळ फॉन्टांत त, म, स ही अक्षरं अर्धा आकार अधिक काना अशा दोन तुकड्यांनी बनतात, तेही आधी जोडून घ्या.

रूपांतर झाल्यावर 'ऱ्य' तपासा. हा एकच आकार दोन प्रकारे साठतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर 'गोऱ्हे' दोन्हीकडे सारखंच दिसतं, शोधात मात्र सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. तुम्हालाच एक रूप ठरवून, साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी बदलून घ्यावं लागेल.

जुना रकाना पुसू नका. शेजारी नवा रकाना, त्याच्या शेजारी 'तपासलं' अशी खूण. दुहेरी खाती नावावरून जोडू नका. मोबाइल क्रमांक, गट क्रमांक आणि निर्यातीचा प्लॉट असेल तर ग्रेपनेटचा नोंदणी क्रमांक, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरच जोडा. सर्वांत आधी मात्र नवीन नोंदीच्या फॉर्मवर युनिकोडच सक्तीचं करा. नळ बंद केल्याशिवाय पाणी उपसून उपयोग नाही.

आणि वेळ. जानेवारी ते एप्रिल हंगामात पॅकहाउसच्या मॉड्यूलला हातही लावू नका, काटा थांबला तर माल उन्हात राहतो. मे ते ऑगस्ट मोकळे असतात. मालकांना बागेची भाषा कळत असेल तर तीच वापरा. एप्रिलच्या खरड छाटणीत एक रुपयाचा माल निघत नाही, तरी कोणी बागायतदार ती टाळत नाही, कारण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर किती घड निघणार हे त्या उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात ठरून गेलेलं असतं.

---

पाथर्डीफाटा

'न उघडलेला कोड काही घेत नाही' या वाक्यावर माझा आक्षेप आहे. व्याज नसलं तरी जोखीम असते. नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर दलाल कंपनीचं उदाहरण सर्वांनी नीट वाचावं. २००३ पासून वापरात नसलेला एक कोड त्यांच्या सर्व्हरवर तसाच पडून होता. २०१२ मध्ये नव्या कामासाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोडचा तो भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड गेलाच नाही. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडल्यावर त्या सर्व्हरवर मेलेला कोड जागा झाला, आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तो कोड वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नव्हता.

म्हणून यादीत तिसरा रकाना हवा: 'फुटलं तर काय'. बॅकअप, पासवर्ड साठवण्याची पद्धत, पेमेंट, ई-इनव्हॉइस हे क्वचित बदलतात, त्यामुळे गिटच्या मोजणीत वर येणार नाहीत. ते हाताने यादीत घाला. वापरात नसलेला कोड मात्र सरळ काढून टाका, गिटमध्ये तो राहतोच. आणि जुना फ्लॅग कधीही दुसऱ्या अर्थाने वापरू नका.

वीस शाखांबद्दल: तुमचं सगळ्यात महागडं कर्ज हेच आहे, कारण प्रत्येक दुरुस्तीला ते वीसने गुणतं. सगळ्या एकदम जोडायला जाऊ नका. प्रत्येक शाखेचा मूळ शाखेशी फरक काढा आणि त्याचे तीन ढीग करा: फक्त छपाईचा नमुना वेगळा, एखादा नियम वेगळा, आणि दुरुस्ती तिथेच राहून गेलेली. तिसरा ढीग लगेच मूळ शाखेत आणा. पहिला ढीग टेम्प्लेटमध्ये जातो. दुसऱ्यासाठी क्लायंटवार सेटिंगचं टेबल. सर्वांत कमी फरक असलेली शाखा आधी बंद करा, महिन्याला दोन झाल्या तरी पुष्कळ. बिलाचा संच आधी तयार असेल तरच याला हात घाला, आणि मधल्या काळात एकविसावी शाखा निघू देऊ नका.

नव्याने लिहिण्याबद्दल माझं मत ठाम आहे: करू नका. नवं लिहीत असताना जुन्यात बदल येत राहतात, दोन्हीकडे ते करावे लागतात, आणि त्या ६,४०० ओळींतल्या विचित्र अटींपैकी पुष्कळशा कोणत्या तरी क्लायंटच्या खऱ्या गरजेतून आलेल्या असतात. त्या कुठेही लिहून ठेवलेल्या नसतात. एकेक स्क्रीन नव्या कोडकडे वळवत जा, जुनं मागून बंद करत जा.

कर्ज मुद्दाम काढणं वाईट नाही, हेही सांगतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी कोणी पार्किंगचं किंवा लॉज बुकिंगचं अ‍ॅप करत असेल, तर सगळी रचना आदर्श करत बसू नये, पर्वणीची तारीख पुढे जात नाही. फक्त त्याच दिवशी वहीत लिहावं: काय टाळलं, का टाळलं, आणि कोणत्या तारखेला हे अ‍ॅप बंद होणार किंवा नीट होणार. तारीख लिहिली नाही तर तेच अ‍ॅप पाच वर्षांनी कोणाच्या तरी मुख्य धंद्यात सापडतं.

---

सिडको_कोडर

फार उपयोगी. टिकिटावरचे दोन रकाने सोमवारपासून सुरू करतो. एक राहिलं: पीएचपी ५.६ चं काय? त्यावर रोज वेळ जात नाही, म्हणून व्याजाच्या हिशोबात ते बसत नाही. मायएसक्यूएल आधी की पीएचपी आधी?

---

गंगापूररोड

पाथर्डीफाटांचा आक्षेप मान्य, तिसरा रकाना हवाच. आणि पीएचपी नेमकं त्याच रकान्यात जातं. ५.६ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१८ ला संपला, मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. आता नवं भगदाड सापडलं तर मूळ प्रकल्पाकडून दुरुस्ती येणार नाही. मोठे क्लायंट सिक्युरिटी ऑडिट मागायला लागले की पहिला शेरा हाच येतो. मालकांसमोर मांडताना 'हा क्लायंट हातचा जाऊ शकतो' असं त्या क्लायंटच्या वार्षिक रकमेसह लिहा.

पीएचपी आधी. मायएसक्यूएल ८ मध्ये पासवर्डची मूळ पद्धत बदलली आहे आणि जुन्या पीएचपीला तिच्याशी बोलता येत नाही. डेटाबेस आधी चढवला तर जोडणीच तुटू शकते.

५.६ वरून थेट ८ वर उडी नको, मध्ये ७.४ वर थांबा. ७.० मध्ये जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं काढून टाकली आहेत. ती सगळी पीडीओवर (डेटाबेसशी बोलण्याच्या पीएचपीतल्या नव्या पद्धतीवर) न्या आणि त्याच वेळी क्वेरीत थेट चिकटवलेली व्हॅल्यू बाइंड करून, म्हणजे क्वेरीपासून वेगळी पाठवून, घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एखादं जुनं फंक्शन राहून गेलं तर ते चालताच एरर येतो, म्हणून त्याची भीती नको.

भीती ७.४ वरून ८ वर जाताना आहे, कारण तिथे काही गोष्टी गुपचूप बदलतात. शून्य आणि रिकामी स्ट्रिंग यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर ७ मध्ये उत्तर 'समान' येतं, ८ मध्ये 'असमान'. 'नग रिकामा असेल तर ओळ वगळा' अशी अट तुमच्या बिलात असणारच. ७ मध्ये शून्य नगाची ओळ वगळली जायची, ८ मध्ये ती बिलावर छापली जाईल, एररशिवाय. अशा सगळ्या तुलना शोधून तीन चिन्हांच्या करा आणि शून्याची अट वेगळी लिहा. शून्याने भागाकार आधी फक्त इशारा द्यायचा, आता प्रोग्रॅम थांबवतो. सरासरी दर काढणारे रिपोर्ट इथेच पडतात.

पीएचपीस्टॅन (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं साधन) लावा. पहिल्यांदा चालवला की हजारो चुका येतील, त्या बेसलाइन म्हणून साठवा, आणि फक्त नवीन चुकीवर मर्ज अडवा. जुन्या चुका फाइल उघडेल तशा कमी होतील.

मायएसक्यूएल ८ वर जाताना दोन जागा बघा. रँक हा शब्द आता राखीव आहे. त्या नावाचा कॉलम असेल तर क्वेरी फुटते. आणि ग्रुप बाय केल्यावर ओळी आपोआप क्रमाने यायच्या, ते बंद झालंय. जिथे क्रम हवा तिथे ऑर्डर बाय लिहा, नाहीतर खातेउताऱ्यातल्या नोंदी मागेपुढे छापल्या जातील आणि बेरीज बरोबर असल्यामुळे तुमच्या टेस्टलाही ते दिसणार नाही. बिलाच्या संचात ओळींचा क्रमही साठवा.

डिप्लॉय महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास नको, जीएसटीआर-१ आणि ३बी भरण्याची धावपळ असते. मार्च-एप्रिलही सोडा. आधी एक कारखाना घ्या, पॅकहाउस नको, आणि पंधरा दिवस जुना सर्व्हर बंद न करता शेजारी तयार ठेवा.